गोळी सुटल्यानंतरचा फोटो

माझ्याकडं दोन वस्तू अशा आहेत की ज्यांना घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम मीच करून ठेवलाय. एक सेकंडहँड घेतलेला डीएसएलआर, त्यावर ५० मिमीची एफ १.८ लेन्स, आणि दुसरी ४.५ मिमीची एअर पिस्तूल. दोन्ही एकाच कप्प्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कारण आमच्या कोल्हापूरच्या पावसात लेन्सला बुरशी धरते आणि नळीला गंज, आणि जून ते सप्टेंबर मी दर रविवारी दोन्ही बाहेर काढून पुसत बसतो. बायको म्हणते देवपूजा चाललीय.

बंदुकीचा नाद मला आजोबांकडनं आला. आमचं गाव राधानगरी तालुक्यात, जंगलाला लागून, तिथं गवे आणि रानडुकरं एका रात्रीत उसाची आणि भाताची वाट लावतात, त्यामुळं आजोबांकडं पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीत वरनं दारू ओतायची, गजानं ठासायची, मग घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायची. आजोबा जनावरावर कधी नेम धरायचे नाहीत, बांधावर उभं राहून वर हवेत बार काढायचे, तेवढ्यानं कळप पळायचा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, तो दिवस मला लहानपणी सणासारखा वाटायचा, कारण परत आणल्यावर आजोबा ती अंगणात पोत्यावर ठेवून तेलपाणी करायचे आणि मला तेलाची वाटी धरायला मिळायची.

कॅमेऱ्याचा नाद मात्र शहराचा. खरी कॉर्नरला तो कॅमेऱ्याचा पुतळा आहे ना, त्याच्यासमोरनं मी कितीतरी वर्षं ये-जा केली पण तो का बसवलाय हे फार उशिरा कळलं. चित्रकार बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये याच गावात, पुढं प्रभात फिल्म कंपनी काढणाऱ्या विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन, स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, आणि त्याआधी त्यांचे भाऊ आनंदराव ह्याच ध्यासात होते, ते १९१६ ला गेले. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून लेथवर भाग कातून घरचा कॅमेरा करणारी माणसं ह्याच गल्ल्यांतनं फिरली, हे कळल्यावर मी त्या पुतळ्याचे पन्नासएक फोटो काढले असतील.

आणि ह्या दोन नादांचं नातं तर लई जुनं आहे. १८८२ मध्ये मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं अक्षरशः बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, दस्ता खांद्याला लावायचा, नळीत लेन्स, उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा आणि चाप ओढला की फिरत्या काचेवर सेकंदाला बारा फोटो. त्याच्याही आधी १८७४ ला जानसेननं रिव्हॉल्व्हरच्या चक्रावरनं कल्पना घेऊन असा कॅमेरा केला, सूर्यावरनं सरकणारा शुक्र टिपायला. मला मारेची गोष्ट जास्त आवडते. त्याच्या नेमात सापडलेला पक्षी पुढं उडत गेला.

तर मूळ विषयावर येतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात, ब्राँझ घेतलं, ४५१.४ गुण, आणि कांबळवाडी म्हणजे आमच्याच राधानगरी तालुक्यातलं गाव, त्यामुळं त्या दुपारी आमच्याकडं काय झालं असेल ते सांगायला नको. आमच्या कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं गोल्ड घेतलं तेव्हा पण असंच झालेलं. लोकांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल, पण नेमबाजी आमच्यात तितकीच मुरलीय. मला ह्या खेळाचे फोटो काढायचे होते, मेडल गळ्यात घालून हात वर केलेले नव्हे, खेळाचेच. मी जिथं सरावाला जातो तिथल्या कोचना विचारलं, ते हो म्हणाले, पण दोन अटी. फायरिंग लाइनच्या पुढं एक पाऊल टाकायचं नाही आणि फ्लॅश नाही.

पहिल्या दिवशी सगळं बिघडलं. मी नेहमीच्या सवयीनं शटर हजाराला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, ठेवलं, आणि घरी येऊन बघतो तर निम्म्या फोटोंवर काळे-पिवळे आडवे पट्टे. मग लक्षात आलं की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते, शटर त्याच्यापेक्षा फार वेगानं मारलं की ट्यूबच्या उजेडाचा कुठला तरी तुकडाच हातात येतो. शटर शंभरावर आणलं आणि पट्टे गेले. दुसऱ्या कुठल्या खेळात शंभरावर फोटो काढला तर खेळाडूचा हात पुसल्यासारखा येईल. इथं येत नाही, कारण इथं माणूस हलतच नाही! एका हातात किलोभर वजनाचं पिस्तूल, दहा मीटरवर टार्गेटच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या निम्मं, आणि ७५ मिनिटांत असे ६० शॉट. एवढं स्थिर माणूस मी दुसरीकडं कुठं बघितलेलं नाही.

पण खरी अडचण आवाजाची निघाली. फोटो काढताना माझ्या कॅमेऱ्यातला आरसा खटकन वाजतो, बाजारात ते ऐकू पण येत नाही, पण रेंजवर एखादी पोरगी श्वास अर्धा सोडून थांबलीय, बोट ट्रिगरवर पहिल्या टप्प्यापर्यंत आलंय, आणि मागनं खट्ट. तिनं पिस्तूल खाली घेतलं. परत उचललं, परत मी खट्ट. कोच माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘भावा, काय करायलास? तिचा शॉट व्हायच्या आधी तुझा शॉट व्हायलाय. गोळी सुटू दे, मग काढ की फोटो.’

मला लई लाज वाटली. आणि मनात असंही आलं की गोळी सुटल्यावर फोटो काढून काय उपयोग, क्षण तर गेला. पण ऐकणं भाग होतं, म्हणून मग त्या दिवसापासनं मी ‘फट्’ असा आवाज झाला की बटण दाबायला लागलो, त्या आवाजातच माझा आवाज मिसळून जायचा.

आणि ते फोटो मी घरी मोठ्या स्क्रीनवर लावले तेव्हा बराच वेळ बघतच बसलो.

गोळी सुटलीय पण त्यातलं कुणी हललेलं नाही. हात तिथंच, डोळा साइटवरच, बोट ट्रिगरवर दाबलेलंच. ह्याला फॉलोथ्रू म्हणतात, मला पुस्तकी माहिती होती, की ट्रिगर सुटल्यावर पेलेट नळीतनं बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात मनगट सैल पडलं तर दहाचा आठ होतो. पण मी स्वतः पिस्तूल धरतो तेव्हा शॉट झाला की लगेच मान वर करून कुठं लागलं ते बघतो, आणि ही पोरं बघत नाहीत. दोन सेकंद, कधी तीन, तिथंच राहतात. आणि मग त्याच दोन सेकंदांत चेहऱ्यावर काहीतरी येतं. नेम धरताना सगळ्यांचे चेहरे सारखे असतात, कोरे. नंतर मात्र एकाची भुवई उतरते, एकीचे ओठ दाबले जातात, म्हणजे गुण दाखवणारा मॉनिटर बघायच्या आधीच तिला कळलेलं असतं की नऊ लागलाय. माणूस दिसतो तो गोळी सुटल्यावर. मला आधी ज्या क्षणाचा फोटो पाहिजे होता त्यात फक्त पिस्तूल दिसलं असतं.

तिथनं माझं सगळं काढणंच बदललं. शाही दसऱ्याला दसरा चौकात मी दरवर्षी जातो, अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतनं येतात, सूर्य मावळायला शमीपूजन होतं आणि बंदुकीच्या फैरी झाडून सलामी दिली जाते. आधी मी फैरीच्या क्षणाला टपून बसायचो, नळीच्या तोंडाचा जाळ पकडायला, आणि दहातले नऊ फोटो वाया. त्या वर्षी फैर झाली तरी मी थांबलो. मनात एक दोन मोजलं आणि मग काढला. धूर अजून वरच चढतोय, त्याच्यातनं मावळतीचा उजेड आलाय, बापाच्या खांद्यावरच्या पोरानं कानावरचे हात अजून काढलेले नाहीत पण डोळे उघडलेत, आणि मागं सोनं लुटायला पुढं झेपावलेली गर्दी. जाळ नाही, बंदूक पण नीट दिसत नाही. पण बार झालाय हे त्या पोराच्या तोंडावर वाचता येतं.

त्याच दिवाळीत गावी गेलतो. आजोबा आता थकलेत, नव्वदीला आलेत, बंदूक काकांच्या नावावर झालीय, पण फोटो काढतो म्हटल्यावर फेटा बांधून अंगणात उभे राहिले, बंदूक रिकामी आहे ना ते मी आणि काकांनी दोघांनी बघितलं, मग त्यांनी ती छातीशी आडवी धरली आणि एकदम ताठ झाले. मी एक काढला. ‘झालं?’ म्हणाले. ‘झालं,’ म्हटलं. तसा त्यांनी श्वास सोडला, दस्ता जमिनीला टेकवला, दोन्ही हातांनी नळी धरून काठीसारखा भार दिला आणि शेताकडं बघायला लागले. तेव्हा मी दुसरा काढला.

तो दुसरा मोठा करून सोप्यात लावलाय. आजोबांना पसंत नाही. आल्या-गेल्याला सांगतात, ‘पहिला चांगला हुता, ह्यात मी काय करतोय, नुस्ता उभा हाय.’