गच्चीवरचं पाणी आणि स्लॅबचं वजन

1 चौरस मीटरवर 1 सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 किलो. वडोदऱ्यात एका रात्रीच्या पावसात आउटलेट तुंबलं आणि कठड्याआड 15 सेंटिमीटर पाणी साठलं, तर दर चौरस मीटरला 150 किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस 875 ही इमारतींवरच्या भारांची भारतीय मानक संहिता धरते साधारण तेवढाच भार! लांब गाळ्याचा (म्हणजे दोन आधारांत जास्त अंतर असलेला) पातळ स्लॅब किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर धोका वाढतो: मध्ये झोळ पडतो, झोळात आणखी पाणी येतं, झोळ आणखी वाढतो.

उतार किमान 1:100 ठेवा. 6 मीटरला 60 मिलिमीटर. आउटलेटपाशी कोबा (स्लॅबवरचा उताराचा, गळती रोखणारा थर) 75 मिलिमीटर धरला तर टोकाला 135 होतो, आणि त्याचंच सरासरी वजन चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास. म्हणून गळती लागली की जुन्यावर नवा कोबा चढवणं मला मुळीच पटत नाही. जुना आधी काढा.

तासाला 100 मिलिमीटर पाऊस धरून 100 मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण 40 चौरस मीटरला पुरतो. तरी दोन ठेवाच, आणि आउटलेटच्या पातळीपासून 50 मिलिमीटर वर कठड्यात ओव्हरफ्लोचं भोक. उत्तरायणानंतर आउटलेटच्या जाळीत दोरा आणि पतंगाचे कागद अडकलेले असतात. ते जूनपूर्वी काढा.

मनालीकडे घर बांधणाऱ्यांनी बर्फाचा भार आयएस 875 च्या भाग 4 प्रमाणे वेगळा काढावा. बर्फावर पाऊस पडला की बर्फ पाणी शोषून जड होतो आणि आउटलेटही गोठतं.