लॅगोंडा एम४५ टूरर, १/१२ स्केल : चेसिस संपली, बॉडी सुरू

तर मंडळी, चेसिस संपली एकदाची. पितळी रेल, क्रॉसमेंबर, पाटे, दोन्ही ॲक्सल, सगळं सोल्डर करून वर प्रायमरही मारून झाला. जे हे आत्ताच बघतायत त्यांच्यासाठी : १९३४ची लॅगोंडा एम४५ (लॅगोंडा ही जुनी ब्रिटिश कार कंपनी), चार सीटची उघडी टूरर, किट वगैरे काही नाही, सगळं हाताने. स्केल १/१२ घेतलं ते निव्वळ आळशीपणाने, खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच, कॅल्क्युलेटर लागत नाही. खरा व्हीलबेस १० फूट ९ इंच, माझा पावणेअकरा इंच म्हणजे २७३ मिमी, टेबलावर बऱ्यापैकी मोठी दिसते, बायको विचारतेय ठेवणार कुठे.

बॉडीला हात लावायच्या आधी खरी गाडी परत एकदा नीट बघायची होती म्हणून ब्रुकलँड्सला, म्हणजे इंग्लंडमधल्या जुन्या रेस ट्रॅक आणि विमानतळावर गेलो. एका जुन्या गाड्यांच्या दिवशी तिथे एक एम४५ आली होती, गडद हिरवी, टप पाडलेला, काच पुढे आडवी केलेली. मालक आजोबा भलतेच दिलदार, म्हणाले हवं ते मोज, फक्त पेंटला टेप घासू नको. फोटोंत ही गाडी जड वाटते आणि जड आहेच ती, दीड टनाच्या पुढे, पण समोर उभं राहिलं की कळतं गंमत कशात आहे. रेडिएटर पुढच्या ॲक्सलच्या जवळपास वरच उभा, त्याच्या पुढे दिवे आणि पाट्यांची टोकं सोडली तर काही लटकत नाही, मग ते लांबच लांब बॉनेट, आणि माणसं पार मागे सरकून मागच्या चाकांच्या अंगाला बसलेली. हे कोणी सुंदर दिसावं म्हणून काढलेलं नाही. आत ४४६७ सीसीचं सहा सिलिंडरचं धूड एका ओळीत बसवायचंय, ते पुढच्या ॲक्सलच्या मागे ठेवायचंय, मग ड्रायव्हर आपोआपच मागे जातो. म्हणून माझं म्हणणं असं की बॉडी नुसती फोटोवरून कोरायला घेतली तर लाइन कधीच जमत नाही, आधी इंजिन जागेवर ठेवा, मग बॉनेट काढा. मी इंजिनचा नुसता ठोकळा आधी चेसिसवर चिकटवला आणि त्यावरूनच बॉनेटची उंची घेतली.

इंजिन लॅगोंडाचं स्वतःचं नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते मेडोज या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं, इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचं. हेच इंजिन इन्व्हिक्टा या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या साडेचार लिटर गाडीत होतं, आणि मेडोजची सहा सिलिंडर इंजिनं पुढे ब्रिटिश आर्मीच्या लाइट टँकमध्येही गेली. लॅगोंडाच्या स्टेन्सच्या कारखान्यातल्या लोकांनी १९३३ला ते आपल्या चेसिसमध्ये बसवलं आणि लंडनच्या ऑलिम्पिया मोटर शोमध्ये गाडी उभी केली, उघडी टूरर ताशी ९० मैलांच्या वर जायची. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे मला बारा प्लगच्या बारा वायरी ओढायच्यात, ते काम मुद्दाम पुढे ढकललंय.

आता ले मांचं, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या रेसचं, सांगितल्याशिवाय राहवत नाही, माहीत असेल त्यांनी पुढचा पॅरा सोडा.

१९३५ साली कंपनी दिवाळखोरीत, देणेकऱ्यांसाठी कारभार बघणारे रिसीव्हर येऊन बसलेले, आणि त्याच जूनमध्ये फॉक्स अँड निकोल या रेसिंग टीमने तयार केलेली एम४५ रॅपिड (हीच गाडी, छोट्या चेसिसची आणि जरा तिखट) २४ तासांची रेस जिंकली. चालवणारे जॉनी हिंडमार्श आणि लुईस फाँटेस. आधीची चार वर्षं सलग अल्फा रोमिओ जिंकत होती. शेवटी शेवटी लॅगोंडाचं ऑइल प्रेशर पडलं, फाँटेस गाडी जपून चालवतोय, मागून अल्फा आली आणि पुढे गेली, तर अल्फाच्या पिटमधल्या लोकांना वाटलं आपण लीडवर आलो, त्यांनी ड्रायव्हरला आरामात ये म्हणून खूण केली, आणि प्रत्यक्षात ते अजून मागेच होते! तीन हजार किलोमीटर पळून शेवटी फरक दहा किलोमीटरचाही नाही. त्यानंतर ब्रिटिश गाडी ले मां जिंकली ती थेट १९५१ला, जॅग्वार. हिंडमार्श हॉकर या विमान कंपनीचा टेस्ट पायलट होता, १९३८ला ब्रुकलँड्सवरूनच हरिकेन लढाऊ विमान घेऊन उडाला आणि त्यात गेला. फाँटेस १९४०मध्ये एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीसाठी (युद्धात विमानं इकडून तिकडे पोचवणारी संस्था) विमान पोचवताना गेला. हिंडमार्शची बायको व्हायोलेट कॉर्डरी, ती इन्व्हिक्टावर लांब पल्ल्याचे रेकॉर्ड करणारी, म्हणजे बहुतेक घरात मेडोजचाच विषय चालत असणार. आणि मुलीचं लग्न रॉय साल्वाडोरीशी झालं, ज्याने १९५९ला ॲस्टन मार्टिनमधून ले मां जिंकली, आणि तोवर ॲस्टन आणि लॅगोंडा दोन्ही कंपन्या उद्योगपती डेव्हिड ब्राउनच्याच खिशात.

कंपनी मग ॲलन गुड नावाच्या वकिलाने घेतली, रोल्स-रॉइसच्या नाकावर टिच्चून, आणि वर बेंटली गाड्यांचा संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटलीलाच टेक्निकल डिरेक्टर म्हणून आणलं. पुढची एलजी४५ रॅपिड जास्त फेमस आहे, बॉनेटमधून बाहेर आलेले ते चमकदार एक्झॉस्ट पाइप वगैरे. मला ती जरा लग्नाच्या घोड्यासारखी वाटते, नटवलेली. साध्या टूररमध्ये लपवायला काही नाही, शिव्या खायची तयारी आहे.

बरं, कामाकडे. टबसाठी, म्हणजे माणसं बसतात त्या भागासाठी, मऊ लाकडाचा साचा कोरलाय आणि त्यावर पातळ ॲल्युमिनियम बसवतोय. बॉनेटसाठी ऑफसेट छपाईची वापरलेली प्लेट घेतली, मस्त पातळ असते आणि बाजूच्या हवेच्या फटी मागून बोथट छिन्नीने दाबल्या की अगदी खऱ्यासारख्या उठतात, पुण्यातल्या मंडळींना कुठल्याही छापखान्यात भंगाराच्या भावात मिळेल. फटी मारताना खाली लिनोलियमचा तुकडा ठेवा, लाकडावर प्लेट फाटते. आणि सगळ्या फटी एका दिशेने मारू नका, एकदा या टोकाकडून एकदा त्या टोकाकडून, नाहीतर पत्रा केळ्यासारखा वळतो.

मडगार्ड हा मात्र वेगळाच विषय. पुढच्या चाकावरून चढून खाली फूटबोर्डला मिळणारा तो लांब वळसा ॲल्युमिनियममध्ये मला तरी जमण्यातला वाटत नाही, म्हणून पितळी पत्रा घेतला, लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात टाकायचा, मऊ पडतो, मग लाकडी हातोडीने थोडं थोडं ठोकायचं, कडक झाला की परत तापवायचा. घाई केली की कडेला चिरतोच. डावं झालंय, उजवं अर्ध्यावर आहे, आणि दोन्ही आरशातल्यासारखी सेम यायला हवीत हा खरा ताप आहे, मी कार्डबोर्डचे सेक्शन कापून उलटे करून लावून बघतोय.

चाकांसाठी लेथवर रिम काढून झाल्या. स्पोक ०.४ मिमी स्टीलची तार, त्या बसवायचा साचा (जिग) ॲक्रिलिकचा. आतली रांग आणि बाहेरची रांग वेगळ्या कोनात जाते, ते नीट आलं नाही तर चाक सायकलचं वाटतं. स्टेपनी धरून पाच चाकं, त्यातली दोन झाली. ल्युकासचे पी१०० हे पुढचे मोठे दिवे जवळजवळ फुटभर व्यासाचे, म्हणजे मॉडेलवर इंचभर, त्यांच्या काचांवरच्या रेषा कशा आणायच्या याचा विचार चालू आहे, व्हॅक्युम फॉर्म करून बघणार.

रंग हिरवाच, पण ते बाजारात मिळणारं ब्रिटिश रेसिंग ग्रीन नको, आजोबांच्या गाडीचा त्याहून काळपट होता. आणि टपाच्या कापडासाठी कोणी काही चांगलं वापरलं असेल तर सांगा, माझ्याकडे सध्या जुन्या छत्रीचं कापड आहे आणि ते फार चमकतं.