अबोल्याच्या आत काय असते?

आपल्या घरांमध्ये भांडणापेक्षा अबोल्याला अधिक मान आहे. जो आवाज चढवतो तो तापट ठरतो आणि जो गप्प राहतो तो सोशिक, समंजस, शब्दाने शब्द न वाढवणारा म्हणून वाखाणला जातो. शेजाऱ्यांच्या कानावर काही जाता कामा नये, ही पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतली जुनी शिस्त आहे आणि ती पाळणारी माणसे मनाने वाईट नसतात. तरीही मला असे मनापासून वाटते की, स्वतःच्या भावना आणि वागणूक समजून घ्यायची असेल, तर रागापेक्षा अबोल्याकडे आधी पाहावे. चिडलेला माणूस निदान काय खुपले ते बोलून दाखवतो. अबोला धरलेल्या माणसाचे वागणे सगळ्यांना दिसते, पण त्यामागची भावना पुष्कळदा त्याला स्वतःलाही नीट उमगलेली नसते.

गप्प बसलेला माणूस शांत असतो, हा आपला पहिला गैरसमज. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना समोरासमोर बसवून त्यांच्याच मतभेदांवर बोलायला लावले आणि बोलणे चालू असताना त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली. बोलता बोलता नजर वळवून एकदम मिटून जाणाऱ्यांच्या शरीरात त्या वेळी बहुधा मोठी खळबळ चाललेली होती. ठोके मिनिटाला 100 च्या पुढे गेले की समोरचा काय म्हणतो आहे ते नीट ऐकूच येत नाही, नवे काही सुचत नाही, आणि ही अवस्था ओसरायला निदान 20 मिनिटे लागतात, असे ते सांगतात. ती 20 मिनिटेही 'मीच का ऐकून घ्यायचे' हे मनात घोळवण्यात गेली, तर शरीर निवत नाही, कारण बाहेर थांबलेले भांडण आत चालूच असते.

दुसरा गैरसमज असा की, भावना चेहऱ्यावर येऊ दिली नाही तर तिचा त्रास फक्त आपल्याला होतो. एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारा एक चित्रपट दाखवून त्यावर गप्पा मारायला सांगितले होते. काही जोड्यांतील एकीला मात्र, भावना दिसू द्यायच्या नाहीत, अशी सूचना दुसरीच्या नकळत दिलेली होती. या सूचनेची काहीच कल्पना नसलेल्या त्या दुसरीचाही रक्तदाब वाढला. अनोळखी बाईच्या कोऱ्या चेहऱ्यासमोर घटकाभर बसून जर हे होते, तर ज्या माणसावर आपला जीव आहे त्याने चार दिवस तोंड फिरवले तर काय होत असेल, याचा विचार करावा.

गॉटमन यांच्या अभ्यासात असे मिटून जाणाऱ्यांमध्ये सुमारे 85 टक्के पुरुष होते. आपल्याकडचे चित्र मला इतके एकरंगी वाटत नाही. ज्या सुनेच्या मताला घरात किंमत नव्हती, जिला उलट बोलण्याची सोय नव्हती आणि माहेरी निघून जाण्याचीही नव्हती, तिच्यासाठी अबोला हे निषेधाचे एकमेव साधन होते, आणि तिच्या त्या गप्प बसण्याला मी कधीही दोष देणार नाही. म्हणूनच 'अबोला वाईट' एवढे म्हणून भागत नाही. एकाच्या अबोल्यात अपमान असतो, दुसऱ्याच्या अबोल्यात आपण पुन्हा चुकीचे काही बोलून बसू ही भीती असते, तिसरा नुसता थकलेला असतो, आणि चौथा समोरच्याला नमवण्यासाठी ठरवून गप्प असतो. बाहेरून चौघे सारखेच दिसतात. मी गप्प आहे म्हणजे मला नेमके काय होते आहे, हा प्रश्न स्वतःला विचारल्यावर उत्तर 'राग' असे आले, तर तिथे थांबू नये असा माझा अनुभव आहे, कारण त्या रागाच्या खाली बहुतेक वेळा 'मला विचारले नाही' किंवा 'चारचौघांत माझे बोलणे तोडले' असे काहीतरी अगदी नेमके सापडते, आणि जे नेमके असते तेच समोरच्याला सांगता येते.

चौथ्या प्रकाराबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. एखाद्याला आठवडेच्या आठवडे घरात असून नसल्यासारखे वागवणे हा छळ आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यात भावनिक छळाचाही समावेश आहे. असे जगावे लागणाऱ्याने ते एकट्याने सोसत बसू नये. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

उरलेल्या तिघांना खरी गरज असते ती थोड्या वेळाची. तो मागून घेणे आणि अबोला धरणे यांत फरक पडतो तो एका वाक्याने. 'मला आत्ता नीट बोलता येणार नाही, जेवणे झाल्यावर बोलू,' एवढे सांगून माणूस बाल्कनीत गेला किंवा कोपऱ्यावर चक्कर मारून आला, तर मागे राहिलेल्याला आपण टाकले गेलो असे वाटत नाही. ठरलेल्या वेळी, ज्याने वेळ मागितला त्यानेच विषय काढायला हवा. हे पाळले नाही तर पुढच्या खेपेला त्या वाक्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पूर्वी पेठांतल्या वाड्यांमध्ये आजी किंवा शेजारच्या काकू मध्ये पडून दोघांना बोलते करत. आता एक हिंजवडीहून रात्री उशिरा येतो, दुसरी सकाळी लवकर निघते, आणि अबोला चालू आहे की नुसते वेळापत्रक जुळत नाही, हेच काही दिवस कळत नाही. मध्ये पडणारे कोणी नसल्यामुळे ते काम मुलांकडे येते.

सिंहगड रस्त्यावरच्या एका ओळखीच्या घरी मी हे पाहिले आहे. आई ओट्यापाशी, वडील टीव्हीसमोर, मध्ये जेमतेम चार पावले, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सांगितले जात होते, "बाबांना सांग, पान वाढलंय." वडील म्हणाले, "सांग तिला, मला नकोय." मुलगा स्वयंपाकघराच्या दारात गेला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बाबा म्हणतायत, थोड्या वेळाने जेवतो." आई-वडिलांमधला सलोखा आपण सांभाळायचा आहे हे त्या मुलाने इतके आत घेतले होते की, निरोप बदलताना त्याचा आवाजही हलला नाही.

मुलांसमोरच्या भांडणांचा अनेक वर्षे अभ्यास केलेले मार्क कमिंग्ज यांना असे आढळले की, मतभेद मिटताना पाहिलेली मुले पुष्कळ कमी अस्वस्थ होतात, आणि समेट दाराआड झाला असला, तरी तो झाल्याचे नंतर सांगितल्यानेही त्यांना दिलासा मिळतो. आपल्या घरांत नेमके उलटे घडते. अबोला दिवाणखान्यात सर्वांदेखत चालतो आणि समेट रात्री बंद खोलीत होतो. सकाळी चहा एकत्र घेतला जातो आणि मुलांनी ते आपोआप ओळखावे अशी अपेक्षा असते. त्या चहाच्या वेळी दोघांपैकी कोणीतरी, "काल आम्ही एकमेकांवर रागावलो होतो, रात्री बोललो, आता ठीक आहे, आणि यापुढे निरोप आम्हीच एकमेकांना देऊ," असे मुलांना तोंडाने सांगायला हवे.