हिमोग्लोबिन वाढलं, रक्त नाही

रिपोर्टचा कागद माझ्यापुढे ठेवताना कोचचा चेहरा खुलला होता. "बघा डॉक्टर, वर येऊन पाच दिवस झाले नाहीत तोवर हिमोग्लोबिन 12.6 वरून 13.8!" शेजारी त्यांची मॅरेथॉनची धावपटू उभी होती, हातात कॅप्सूलची डबी. उंचीवर दम वाढवण्याची हमी देणारी ती कॅप्सूल ती रोज घेत होती, आणि आता सगळ्या टीमला ती सुरू करायची, असं कोचच्या मनात होतं.

आमचा कॅम्प 2300 मीटरवर होता. जवळजवळ एवढ्याच उंचीवर, 2240 मीटरवर, 1968 चं मेक्सिको सिटी ऑलिम्पिक झालं. तिथे 10,000 मीटर केनियाच्या नफ्ताली टेमूने जिंकली आणि मॅरेथॉन इथिओपियाच्या मामो वोल्डेने. उंचीवर राहून सराव करायची ओढ तेव्हापासून वाढतच गेली आहे. विरळ हवेत मूत्रपिंडं ईपीओ हे संप्रेरक जास्त सोडतात, अस्थिमज्जा तांबड्या पेशी जास्त बनवते, हे कोचना पाठ होतं. पण हे काम फार सावकाश चालतं. अशा उंचीवर दर 100 तासांना शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन साधारण 1 टक्का वाढतं. इथे पाच दिवसांच्या आत साडेनऊ टक्के वाढ दिसत होती.

ती वाढ पाण्याची होती. वर आल्यावर श्वास वाढतो, लघवी वाढते आणि रक्तातला प्लाझ्मा आटतो. पेशी तेवढ्याच, द्रव कमी, म्हणून आकडा चढतो. हे शरीराचं नेहमीचंच वागणं आहे, त्यासाठी कॅप्सूल लागत नाही.

मी कोचना त्याच कागदाची खालची ओळ दाखवली. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारा आकडा: फक्त 14. हिमोग्लोबिन 12 च्या वर असल्यामुळे तिला अॅनिमिया नव्हता, म्हणून लोहाच्या साठ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. मी कागदावर हिशोब मांडला. कॅम्पच्या सुरुवातीला तिचं एकूण हिमोग्लोबिन आम्ही मोजलं होतं: 590 ग्रॅम. (थोडासा मोजका कार्बन मोनॉक्साइड श्वासातून देतात, तो हिमोग्लोबिनला चिकटतो आणि त्यावरून एकूण वजन काढता येतं.) तीन आठवड्यांत 5 टक्के वाढ हवी, तर 30 ग्रॅम नवं हिमोग्लोबिन लागणार. एका ग्रॅमला 3.4 मिलिग्रॅम लोह, म्हणजे सुमारे 100 मिलिग्रॅम. अन्नातून दिवसाला शोषलं जातं एक-दोन मिलिग्रॅम, आणि तेही रोजची झीज भरण्यातच जातं. तिच्या साठ्यात मिळून जेमतेम शंभर-सव्वाशे. ती इतकी मेहनत करत होती, आणि शरीराकडे रक्त बनवायला मालच नव्हता.

मग डबी वाचली. बीटचा अर्क, काही वनस्पती, आणि बारीक अक्षरात कोबाल्ट; कशाचंच प्रमाण दिलेलं नाही. बीटमधल्या नायट्रेटचा मुरलेल्या धावपटूंना फारसा फायदा दिसत नाही, उंचीवरचे निष्कर्षही उलटसुलट आहेत. तो भाग मी सोडून दिला. कोबाल्ट सोडण्यासारखं नव्हतं. ते पेशींना ऑक्सिजन कमी असल्याचा भास देतं आणि ईपीओ वाढवतं, म्हणूनच जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) यादीत त्यावर बंदी आहे. ब जीवनसत्त्व 12 मधल्या कोबाल्टला तेवढी सूट आहे. जास्त मात्रेत कोबाल्ट हृदयाला आणि थायरॉइडला इजा करतं. "पण मॅडम, डबीवर तर नैसर्गिक लिहिलंय," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. तुझ्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुझी, हा नियम त्या वयाच्या मुलीला समोर बसून सांगणं मला जड गेलं. कॅप्सूल त्याच क्षणी बंद केली आणि त्याची लेखी नोंद केली.

लोह सुरू केलं: रोज 100 मिलिग्रॅम, एकदाच, सकाळचं धावणं संपल्या संपल्या, क जीवनसत्त्वाबरोबर, चहा-कॉफीपासून दूर. वेळ महत्त्वाची, कारण व्यायामानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. कोचनी लगेच विचारलं, मग सगळ्यांनाच देऊया का? मी ठाम नकार दिला. साठा भरलेला असताना लोह देणं अपायकारक ठरू शकतं. आधी तपासणी, मग गोळी.

तीन आठवड्यांनी फेरिटिन आलं 17. कोच हिरमुसले. "लागू पडलं नाही." मी दुसरा आकडा पुढे केला: एकूण हिमोग्लोबिन 613 ग्रॅम. आत गेलेलं लोह साठ्यात न थांबता थेट रक्तात गेलं होतं. खाली उतरल्यावर प्लाझ्मा भरून येईल, साधा रिपोर्ट 13 च्या आसपास दाखवेल, तेव्हा घाबरू नका, हेही त्यांना आधीच सांगून ठेवलं. तिची गोळी खाली गेल्यावरही चालू ठेवली. पुढच्या कॅम्पच्या सहा-आठ आठवडे आधी सगळ्या टीमचं फेरिटिन करायचं, हे कोचनी स्वतःच्या हाताने वेळापत्रकात लिहिलं.