फॉर्मॅलिनची बाटली

स्नायूच्या बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी कापून काढलेला, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) घालून नेऊ नका. बाकी विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आईला एसटीची पायरी चढवेना, वेणी घालायला हात वर जाईना. सीपीके, म्हणजे स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, साडेचार हजार, एमआरआयमध्ये मांड्यांना सूज. "मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह वाटतोय," डॉक्टर म्हणाले, "बायोप्सी करू, मग स्टेरॉइड." इथवर आठवड्यात आलो.

ऑपरेशन थिएटरबाहेर नर्सनं बाटली हातात दिली. रिक्षानं लॅब गाठली. काउंटरवरच्या बाईंनी ती उजेडात धरली आणि परत सरकवली. "फॉर्मॅलिनमध्ये आमच्या एन्झाइमच्या तपासण्या होत नाहीत. ताजा तुकडा हवा." सलाइननं जेमतेम ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळलेला, घट्ट झाकणाच्या डबीत, डबी बर्फावर. लॅबमध्ये तो लगेच गोठवतात. परत आलो तर हॉस्पिटलवाले म्हणे, "आमची पद्धत हीच." दोन दिवस भांडलो. चूक त्यांची, पण दुसऱ्या बायोप्सीचं बिल आमचं, आणि तारीख अकरा दिवसांनी!

तेवढ्या दिवसांत आत काय चाललं असेल, हे डॉक्टरांनाच विचारलं. सुजलेल्या स्नायूत जमलेल्या पेशी सायटोकाइन सोडतात, म्हणजे एकमेकींना धाडलेले निरोपच. साधी इजा असेल, तर टीएनएफ हे सायटोकाइन तंतूंमधल्या डागडुजी करणाऱ्या पेशींना काम संपल्यावर मारून टाकतं. सूज रेंगाळली की टीजीएफ-बीटा हे दुसरं सायटोकाइन त्यांना जगवतं, कोलॅजन, म्हणजे व्रणाचे धागे, विणायला लावतं. स्नायूच्या जागी व्रण बसतो. स्टेरॉइडनं सूज उतरते, व्रणाचा पुन्हा स्नायू होत नाही.

(ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतली वीज मोजायच्या तपासणीच्या, सुया टोचलेल्या स्नायूचा तुकडा घेऊ देऊ नका, दुसऱ्या बाजूचा घ्यायला सांगा. पार वाळलेल्या स्नायूचाही नको, त्यात नुसता व्रण आणि चरबी सापडते.)

रिपोर्ट आला: डर्मॅटोमायोसायटिस (त्वचेवरही उठणारा मायोसायटिस), फायब्रोसिस, म्हणजे तोच व्रण, थोडा. मी लगेच त्या अकरा दिवसांवर घसरलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हे अकरा दिवसांत होत नाही, महिने लागतात." त्याआधीचे सहा महिने आम्ही आईला 'वय झालं' म्हणत तेल चोळत होतो. तरी हॉस्पिटलवरचा राग गेलेला नाही.

आणि हो, डबीचं लॅबला आधी फोन करून विचारा. आमची दुसरी डबी लघवीच्या तपासणीची होती, कोरी, निर्जंतुक. चालली.