पिशव्या विकायला निघालो आणि मक्याच्या ओलाव्यात अडकलो : आमची वाटचाल

मी मूळचा सांगलीचा. केनियात आलो ते नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात, प्लास्टिकच्या गोण्या बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रॉडक्शन बघायला. काही वर्षांनी नोकरी सोडली आणि बायको नि मी किटालेला आलो, हा ट्रान्स न्झोया भाग म्हणजे इकडचं मक्याचं कोठार, आणि तिथे धान्याच्या हवाबंद पिशव्यांची एजन्सी टाकली. नातेवाईक अजून विचारतात, पिशव्या विकायला एवढ्या लांब गेलास होय?

तर पिशवी काय आहे ते सांगतो. बाहेरून साधी गोणी, आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या, एकात एक. पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात कॅमेरूनमध्ये चवळीसाठी काढलेली ही युक्ती, 2007 पासून बऱ्याच देशांत पसरली, पिक्स बॅग म्हणतात तिला. औषध-पावडर काही नाही. आतले किडेच श्वास घेऊन ऑक्सिजन संपवतात, मग त्यांचं खाणं थांबतं, अंडी थांबतात आणि मरतात. आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं असायची, उघडल्या उघडल्या कोणी आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, तसलंच हे, फक्त इथलं पेव 90 किलोचं आणि घरात कोपऱ्यात मावतं.

इकडचा खरा वैरी डुमुझी. हा किडा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, सत्तरच्या दशकाच्या शेवटाला टांझानियात शिरला आणि तिथून आजूबाजूच्या देशांत. साधा सोंड्या दाणा पोखरतो, हा दाण्याचं पीठच करतो. माळ्यावर ठेवलेलं कणीस हातात घेतलं की बोटं पांढरी होतात आणि दाण्याची नुसती टरफलं राहिलेली असतात.

वर्ल्ड बँकेच्या 2011 च्या रिपोर्टात सहाराखालच्या आफ्रिकेत काढणीनंतर वर्षाला 4 अब्ज डॉलरचं धान्य जातं असा अंदाज आहे. मग 2014 ला मलाबोत आफ्रिकन युनियनच्या नेत्यांनी ठरवलं की 2025 पर्यंत हे नुकसान निम्म्यावर आणायचं. सेमिनार भरपूर झाले, चहा-सामोसे चांगले होते, पण त्यामुळे माझ्याकडे कोणी गिऱ्हाईक आलं असं काही झालं नाही.

कारण शेतकऱ्याला कळत नाही म्हणून धान्य जातं हा समजच खोटा आहे हो. त्याला सगळं कळतं. इकडे मका निघतो ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारीत पोरांच्या शाळेची फी, म्हणजे भाव पडलेला असतानाच विकायचा, आणि ठेवावा म्हटलं तर डुमुझीची भीती. मग मे-जूनमध्ये त्याच घरातली बाई गोरोगोरोने, म्हणजे दोनेक किलोच्या पत्र्याच्या डब्याने, तोच मका चढ्या भावाने विकत आणते. आणि आमची पिशवी अडीचशे शिलिंगच्या आसपास, साध्या गोणीच्या कितीतरी पट, तीही नेमकी त्याचा खिसा रिकामा असतानाच विकायची. शेवटी गाडी रुळावर आली ती बायकांच्या चामांमुळे, म्हणजे भिशीच म्हणा, दर आठवड्याला एम्पेसावर, म्हणजे मोबाईलवरून, थोडे थोडे पैसे जमा करतात आणि सीझनला गठ्ठ्याने पिशव्या उचलतात. नंतर बोर्डिंगच्या शाळा आल्या, काही शाळा फीमध्ये मका-राजमा घेतात, त्यांना तो वर्षभर टिकवायचा असतो. जिथे एखाद्या प्रोजेक्टने फुकट पिशव्या वाटल्या तिथे मात्र पुढची दोन वर्षं कोणी विकत घेत नाही, हे अगदी ठरलेलं.

पण पिशवीच्या आधी ओलावा. काढणीच्या वेळीच पाऊस असतो इकडे, मका ओला येतो, आणि साठवायला साडेतेरा टक्क्यांपर्यंत उतरायला हवा. ओला मका हवाबंद केला की आंबतो, बुरशी लागते. ही बुरशी म्हणजे गंमत नाही, 2004 ला केनियातच मकुएनी, किटुई भागात अफ्लाटॉक्सिनने, म्हणजे बुरशीच्या विषाने, 317 लोक आजारी पडले आणि 125 गेले, घरच्या मक्यानेच. त्यामुळे गावात पिशवीचा डेमो दाखवताना बायको आधी सोड्याची काचेची बाटली काढते, कोरडी, त्यात कोरडं मीठ आणि मूठभर मका, मिनिटभर हलवायचं नि ठेवून द्यायचं, मीठ काचेला चिकटलं की मका ओला, आज पिशवी नाही, परत ताडपत्रीवर. गिऱ्हाईक हातातून जातं तेव्हा मला धाकधूक होते, तिला नाही.

मका पास झाला की पिशवी भरतात, दाबून हवा काढतात, आतलं तोंड पिळून दुमडून टायरच्या ट्यूबच्या पट्टीने आवळतात, मग दुसरं, मग गोणी. डेमोची ही पिशवी गावच्या चर्चमध्ये ठेवायची आणि मे महिन्यात सगळ्यांसमोर उघडायची. एकदा एका म्हाताऱ्याने, इकडे म्झे म्हणतात, कोपरापर्यंत हात घातला, खालचे दाणे काढले, वास घेतला, दोन दाताखाली फोडले आणि नुसतं 'इमेकाउका' म्हणाला, वाळलाय. मग माझ्या बायकोला, मामा (इकडे बाईला मामा म्हणतात), दोन द्या. त्या दिवशी तिथला सगळा स्टॉक गेला.

धंद्याचं म्हणाल तर माल डॉलरवर ठरतो, जानेवारी 2024 ला डॉलर 160 शिलिंगच्या वर गेला तेव्हा नफा काय उरलाच नाही, आणि ॲग्रोव्हेटवाले, म्हणजे शेती-जनावरांच्या औषधांचे दुकानदार, आमची उधारी चुकती करतात फेब्रुवारी उलटल्यावर. चालायचंच.

आता आम्ही ड्रायर घेतलाय, मक्याची बुरकुंडंच जळण म्हणून वापरतो त्यात, गाडीवर टाकून गावोगाव न्यायचा आणि गोणीमागे पैसे घ्यायचे असा प्लॅन आहे. रेटवरून चामाच्या मीटिंगमध्ये वाद चालूय, बायकांना वाळवणीचे पैसे मक्यातच द्यायचेत आणि मला रोख हवेत, बहुतेक मकाच घ्यावा लागेल.