एआयला सातबारा वाचता येतो का?

गुहागरात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. गणपतीत चाकरमानी घरी आले, भावकी ओटीवर बसली आणि पेटीतले कागद बाहेर निघाले की एक प्रश्न हमखास येतो: "पीडीएफ वाचणारं एआय आलंय ना? मग जमिनीचे कागद त्यालाच दाखवले तर?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

दाखवा की. मी रोज दाखवतो. चाळीस पानी खरेदीखतात विहिरीच्या पाण्याचा हक्क नि पाणंद कुठल्या पानावर आहे, हे शोधायला मला पूर्वी अर्धा तास आणि दोन चहा लागायचे. आता पान लगेच समोर येतं. 'सदरहू मिळकतीचे चतुःसीमेपैकी' वगैरे कोर्टकचेरीची भाषाही सोपी करून मिळते.

आकड्यांचं मात्र निराळं. एका वाटणीच्या कागदात ०.१९.५० हेक्टर क्षेत्र होतं, एआयनं ०.११.५० सांगितलं. स्कॅन म्हणजे शेवटी फोटो, त्यातली अक्षरं आधी ओळखावी लागतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून ९ पुसट झालेला, त्याला तो १ वाटला. फरक आठ आरचा, म्हणजे जवळजवळ आठ गुंठे. दहा-दहा मीटरवर एक धरलं तर हापूसची आठ कलमं! इकडे एका कलमावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. बरं, सांगताना चाचरलंही नाही. घरातल्या म्हाताऱ्या काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "एकोणीस ते." मग रजिस्टर ऑफिसातून नक्कल काढली. एकोणीसच. तेव्हापासून आकडा आला की मी मूळ पान दोनशे टक्के मोठं करून डोळ्यांनी बघतो.

जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या पीडीएफचीही तीच गत. पडद्यावर शुद्ध मराठी, आत भलतीच चिन्हं. एक ओळ कॉपी करून दुसऱ्या फाइलीत पेस्ट करून बघा, नुसता कचरा येईल. एआयच्या ताटातही बहुधा तोच पडतो. अशा पानांची मी चित्रं करून नव्याने ओसीआर करतो, म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून घेतो.

याच्याच पाठोपाठ येणारी विनंती: "भाऊ, वाईच नावातला एक काना बदला ना." पीडीएफ एडिटरमध्ये ते मिनिटाचं काम आहे, पण मी करत नाही. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यात एक अक्षर हललं तरी तपासणीत सही अवैध दिसते, आणि उतारा बनावट केल्याचं बालंट वेगळं. लेखनातली चूक जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५खाली, तहसील कचेरीत अर्ज देऊन दुरुस्त होते. (हे कलम आंब्याचं नव्हे.) तो अर्ज एआयकडून खुशाल लिहून घ्या, मसुदा झकास करतं. गट नंबर तेवढा तुम्ही टाका.